उपग्रहाच्या नजरेतून समुद्र आणि मासळी: अभ्यास कसा करायचा, पायरीपायरीने

उपग्रहाला मासा दिसत नाही. त्याच्या सेन्सरला दिसतो तो पाण्याचा रंग, पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता, समुद्राच्या पातळीतले काही सेंटिमीटरचे चढउतार आणि वाऱ्याने खडबडीत झालेला पृष्ठभाग. एवढ्यावरून मासळी कुठे गोळा होईल, कधी येईल, तिची पिल्लं जगतील का, याचा अंदाज बांधायचा असतो. म्हणून दर पायरीवर दोन प्रश्न विचारत राहावे लागतात: पडद्यावर दिसणारा आकडा नेमकं काय मोजतो, आणि त्या आकड्यापासून माशापर्यंत मध्ये किती कड्या आहेत?

तक्ते आणि नकाशे संगणकावर हाताळायची थोडी सवय असेल, तर हे काम कुणालाही शिकता येतं. बहुतेक डेटा फुकट आहे, सॉफ्टवेअरही फुकट आहे. वाया जातो तो वेळ, आणि तो बहुधा डेटा आधी उतरवून प्रश्न नंतर शोधल्यामुळे जातो.

पायरी 1: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘क्लोरोफिल (वनस्पतींतलं हरितद्रव्य) आणि मासळी यांचा संबंध’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात मासा कोणता, त्याच्या आयुष्यातला टप्पा कोणता, समुद्राचा भाग कोणता आणि काळाचं माप काय (दिवस, महिने की वर्षं), एवढं तरी आलंच पाहिजे.

सागरशास्त्रज्ञ ट्रेव्हर प्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली मांडलेलं काम या बाबतीत मला आदर्श वाटतं. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाजवळच्या समुद्रात हॅडॉक माशाची पिल्लं काही वर्षी भरपूर जगतात आणि काही वर्षी फारशी जगत नाहीत. वसंतातला वनस्पती-प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा) बहर पिल्लांच्या जन्माशी जुळून आला तर त्यांना खायला मिळतं, चुकला तर उपासमार होते, ही कल्पना मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड कुशिंग यांनी फार पूर्वी मांडली होती. पण बहर नेमका कधी सुरू झाला हे जहाजावरून दरवर्षी, एवढ्या मोठ्या क्षेत्रावर मोजणार कोण? उपग्रहांच्या रंगचित्रांमुळे ते जमलं. 1981 आणि 1999 या वर्षी बहर नेहमीपेक्षा लवकर आला होता आणि त्या दोन्ही वर्षी पिल्लं विलक्षण प्रमाणात जगली, असं दिसलं. यात क्लोरोफिल किती होतं यापेक्षा ते केव्हा वाढलं हे महत्त्वाचं ठरलं. प्रश्न नेमका असल्यामुळे मोजायची गोष्टही नेमकी झाली.

पायरी 2: कोणता सेन्सर काय मोजतो हे समजून घ्या

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

तापमानापासून सुरुवात करू. इन्फ्रारेड सेन्सर मोजतो ते पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्याचं, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याइतक्या जाडीचं तापमान. तपशील साधारण 1 किलोमीटरपर्यंत मिळतो, पण ढग आला की काहीच दिसत नाही. मायक्रोवेव्ह सेन्सर ढगातून आरपार पाहतो, मात्र त्याचा तपशील ढोबळ, सुमारे 25 किलोमीटरचा असतो. जोरदार पावसात आणि किनाऱ्यालगत तोही उपयोगाचा नाही. शिवाय वारा पडलेला असेल तर दुपारच्या उन्हाने वरचा थर एकटाच तापतो आणि खालचं पाणी होतं तसंच राहतं. ज्या माशाचा वावर काही मीटर खाली असतो त्याच्या अभ्यासाला म्हणून रात्रीची निरीक्षणं जास्त भरवशाची.

तयार उत्पादनांपैकी ‘ओआयएसएसटी’ 1981 च्या सप्टेंबरपासून रोज, पाव अंशाच्या जाळीवर मिळतं. दीर्घकालीन बदल पाहायला ते उत्तम. ‘मर’ नावाचं उत्पादन 2002 पासून सुमारे 1 किलोमीटरच्या जाळीवर मिळतं आणि दिसतं फार सुरेख. पण त्यात ढगाखालची जागा इतर निरीक्षणांवरून भरून काढलेली असते. सलग ढगाळ दिवसांत त्या 1 किलोमीटरच्या चौकटीत प्रत्यक्ष 1 किलोमीटरची माहिती नसते. नकाशा गुळगुळीत दिसला की हे विसरायला होतं.

क्लोरोफिलचं गणित नाजूक आहे. वनस्पती-प्लवक निळा प्रकाश शोषतात, हिरवा तितकासा शोषत नाहीत. म्हणून 443 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि 555 च्या आसपासचा हिरवा यांच्या गुणोत्तरावरून क्लोरोफिल काढतात. अडचण अशी की उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला सुमारे 90 टक्के भाग हवेतून आणि पृष्ठभागावरून आलेला असतो. पाण्याच्या पोटातून आलेला उजेड उरलेल्या थोड्याशा वाट्यात असतो. हवेचा वाटा वजा करताना झालेली लहानशी चूक क्लोरोफिलमध्ये मोठी होऊन उतरते.

खुल्या समुद्रात पाण्याचा रंग मुख्यतः प्लवकांमुळे बदलतो, त्यामुळे तिथे हे सूत्र चांगलं चालतं. खाडी, नदीमुख, उथळ किनारा इथे गाळ आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून विरघळून आलेला पिवळसर रंगही निळा प्रकाश कमी करतो, आणि सूत्र गाळालाच क्लोरोफिल समजून बसतं. मोठ्या पावसानंतर नकाशावर नदीमुखाशी लालभडक दिसणारा पट्टा म्हणजे प्लवकांचा बहर असेलच असं नाही. अशा ठिकाणी किनारी पाण्यासाठी बनवलेली सूत्रं वापरा आणि पाण्याचे प्रत्यक्ष नमुने असल्याशिवाय आकड्यांवर निष्कर्ष काढू नका.

खोलीचंही भान हवं. स्वच्छ पाण्यात सेन्सरला काही दहा मीटर खोलवरचं कळतं, गढूळ पाण्यात मीटरभरसुद्धा नाही. उष्ण समुद्रात बऱ्याचदा क्लोरोफिलचा सर्वात दाट थर 50 ते 100 मीटर खोल असतो. तो वरून दिसतच नाही. अशा पाण्यातल्या ट्यूनाचा अभ्यास फक्त रंगचित्रावर उभा करणं मला पटत नाही. तिथे अर्गो तरंड्यांची (समुद्रात खालीवर जाऊन मोजमाप करणाऱ्या स्वयंचलित यंत्रांची) खोलीची मोजमापं जोडीला घ्यावीत.

रंग मोजणारा पहिला सेन्सर 1978 साली निंबस-7 उपग्रहावरून गेला आणि 1986 पर्यंत चालला. मग जवळजवळ अकरा वर्षांची पोकळी. 1997 मध्ये सीविफ्स आला, 2002 मध्ये अ‍ॅक्वा उपग्रहावरचा मोडिस, 2011 पासून व्हिअर्स, 2016 पासून सेंटिनेल-3 वरचा 300 मीटर तपशिलाचा ओएलसीआय. भारताच्या ओशनसॅट मालिकेतला पहिला उपग्रह 1999 चा, तिसरा नोव्हेंबर 2022 चा. फेब्रुवारी 2024 मध्ये गेलेल्या पेस उपग्रहाने नवं दालन उघडलं आहे: मोजक्या पट्ट्यांऐवजी तो जवळजवळ सलग वर्णपट मोजतो, त्यामुळे प्लवक किती आहेत यासोबत कोणत्या गटाचे आहेत हे ओळखण्याची शक्यता वाढली आहे.

वीस-पंचवीस वर्षांचा कल पाहायचा असेल तर वेगवेगळ्या सेन्सरचे आकडे स्वतः जोडत बसू नका. प्रत्येकाची मोजण्यातली चूक वेगळी असते आणि सेन्सर बदलला त्या वर्षी समुद्रच बदलल्यासारखा दिसतो. युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘ओशन कलर सीसीआय’ प्रकल्पाने हे जोडकाम करून 1997 पासूनची एकसंध मालिका दिली आहे. ती घ्या.

समुद्राची उंची रडारने मोजतात. 1992 च्या टोपेक्स-पोसायडनपासून जेसन मालिका आणि 2020 च्या सेंटिनेल-6 पर्यंत ही नोंद अखंड आहे. 2022 च्या अखेरीस गेलेला स्वॉट रुंद पट्ट्यावर, आणखी बारकाईने उंची मोजतो. उंचीतल्या फरकावरून प्रवाह आणि भोवरे कळतात. वाऱ्याची मोजमापं असली की पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकललं जाऊन खालचं थंड, पोषक पाणी वर येण्याचा जोर काढता येतो. क्षारताही मोजली जाते, पण फार ढोबळ. मोठ्या नदीचं गोडं पाणी किती दूर पसरलं असा प्रश्न असेल तरच तिच्याकडे वळा.

पायरी 3: योग्य लेव्हलचा डेटा घ्या आणि एकच दिवस उघडा

डेटा लेव्हलनुसार मिळतो. लेव्हल 2 म्हणजे उपग्रहाच्या मूळ वाटेवरची, मूळ तपशिलाची मोजमापं, गुणवत्तेच्या (कोणतं मोजमाप संशयास्पद हे सांगणाऱ्या) खुणांसकट. लेव्हल 3 म्हणजे तीच ठरावीक जाळीवर बसवून दिवस, आठवडा, महिना यांची केलेली सरासरी. लेव्हल 4 मध्ये रिकाम्या जागा भरलेल्या असतात. किनाऱ्याजवळचं बारीक काम किंवा नमुन्यांशी तुलना करायची तर लेव्हल 2. हंगामी आणि वार्षिक प्रश्नांना लेव्हल 3. लेव्हल 4 सोयीचं असतं, पण त्यातली कोणती चौकट मोजलेली आणि कोणती भरलेली हे कळायला हवं.

नासाचं ओशन कलर पोर्टल, युरोपची कोपर्निकस मरीन सेवा आणि अमेरिकेच्या नोआ संस्थेचे एरडॅप सर्व्हर इथून हवं तेवढंच क्षेत्र आणि हव्या त्या तारखा कापून घेता येतात. सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल 2 साठी सीडॅस किंवा स्नॅप, नकाशांसाठी क्यूजीआयएस, पुढच्या हिशेबाला पायथन किंवा आर. आधी एकाच दिवसाची एकच फाइल उघडा आणि इतक्या गोष्टी हाताने तपासा: तापमान केल्व्हिनमध्ये आहे की सेल्सिअसमध्ये, साठवलेल्या आकड्याला गुणक लावायचा आहे का, रिकाम्या चौकटीला कोणता आकडा ठरवलेला आहे (तो सरासरीत शिरला तर सगळं बिघडतं), रेखांश 0 ते 360 आहेत की उणे 180 ते 180, आणि अक्षांशांची रांग उत्तरेकडून सुरू होते की दक्षिणेकडून. शेवटच्या गोष्टीकडे लक्ष नसेल तर नकाशा उलटा होतो, आणि किनारपट्टी काढलेली नसेल तर ते लवकर लक्षातही येत नाही.

पायरी 4: ढग, चकाकी आणि खोट्या सीमा

आता एका चौकटीपाशी थांबू. समजा सगळीकडे 28.4 अंशाच्या आसपास पाणी आहे आणि मध्येच ढगाची पोकळी आहे. पोकळीच्या कडेला दोन-तीन पिक्सेल 26.1, 25.3 असे दिसतात. नकाशावर तिथे थंड पाण्याची ठळक सीमा उमटते. प्रत्यक्षात ढगाची पातळ किनार ढग ओळखणाऱ्या गाळणीतून निसटलेली असते. ढगाचा माथा थंड म्हणून आकडा खाली गेला. ओळखायची खूण सोपी आहे: असा ‘थंड पट्टा’ ढगाच्या आकाराला चिकटून असतो आणि पुढच्या दिवशी ढगासोबत सरकतो. खरी सीमा दोन-तीन दिवस तरी जवळपास तिथेच राहते आणि बहुधा क्लोरोफिलच्या चित्रातही दिसते. म्हणून गुणवत्तेच्या खुणा लावल्यावरही ढगाच्या कडेचे एक-दोन पिक्सेल काढून टाकणं बरं.

रंगचित्रात याशिवाय पाण्यावरची सूर्याची चकाकी, हवेतली धूळ आणि उथळ पाण्यातून दिसणारा तळ हे तिघं घोटाळा करतात. यांच्या खुणा लेव्हल 2 फाइलमध्ये दिलेल्या असतात. त्या वाचून कोणत्या लावायच्या ते ठरवा आणि लिहून ठेवा.

याहून मोठा प्रश्न गहाळ डेटाचा आहे. अरबी समुद्रात नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत सोमालिया, ओमान आणि भारताच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ खालचं पोषक पाणी वर येतं आणि समुद्र सर्वात सुपीक होतो. नेमके तेच महिने सर्वात ढगाळ. म्हणजे बहर जोरात असतो तेव्हाच उपग्रहाची नजर झाकलेली. अशा ठिकाणी महिन्याची सरासरी ही त्या महिन्यातल्या मोजक्या निरभ्र दिवसांची सरासरी असते. प्रत्येक चौकटीत किती दिवसांची निरीक्षणं आली याचा वेगळा नकाशा काढा आणि निष्कर्षाच्या नकाशाशेजारीच छापा. हा नकाशा न देता मांडलेल्या हंगामी निष्कर्षावर मी सहज विश्वास ठेवत नाही.

पायरी 5: सरासरी काढताना आणि तुलना करताना

क्लोरोफिल खुल्या समुद्रात घनमीटरला 0.05 मिलिग्रॅम असू शकतं आणि किनाऱ्याजवळ 10 च्याही वर जातं. त्यामुळे साधी सरासरी फसवते. चार पिक्सेल घ्या: 0.2, 0.25, 0.3 आणि 4.0. साधी सरासरी 1.19 येते, आणि तेवढं क्लोरोफिल यातल्या एकाही पिक्सेलच्या जवळपास नाही. लॉगरिदम घेऊन काढलेली भूमितीय सरासरी 0.49, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) 0.275. नकाशे लॉग प्रमाणावर काढा, सरासरीची पद्धत एकदा ठरवून शेवटपर्यंत तीच ठेवा.

मग प्रत्येक महिन्याची दीर्घकालीन सरासरी काढून तिच्यापासूनचा फरक पाहा. मूळ आकड्यांत ऋतुचक्र इतकं ठसठशीत असतं की जवळजवळ कोणताही मासा कोणत्याही मोजमापाशी ‘संबंधित’ दिसतो. ऋतू वजा केल्यावर जे टिकतं त्यात दम असतो. सागरी उष्णतेच्या लाटाही अशाच मोजतात: 2016 पासून रूढ झालेल्या व्याख्येनुसार त्या तारखेच्या 90 व्या शतमकापेक्षा (शंभरातल्या नव्वद नोंदी ज्याच्या खाली असतात त्या आकड्यापेक्षा) जास्त तापमान सलग किमान 5 दिवस राहिलं की उष्णतेची लाट. 2014 ते 2016 मध्ये ईशान्य प्रशांत महासागरात आलेल्या दीर्घ लाटेनंतर अलास्काच्या आखातातला पॅसिफिक कॉड इतका घटला की 2020 मध्ये तिथली केंद्रीय अखत्यारीतली लक्ष्यित मासेमारी बंद ठेवावी लागली.

पायरी 6: सीमा आणि भोवरे शोधा

गरम आणि थंड पाणी जिथे भिडतं तिथे प्लवक, कोळंबीसारखे बारीक जीव आणि त्यांच्यामागे मोठे मासे जमतात. या सीमा डोळ्यांनी दिसतात, पण शेकडो चित्रांसाठी पद्धत लागते. कायुला आणि कॉर्निलॉन यांची 1992 ची पद्धत अजूनही कामाची आहे: चित्राच्या लहान खिडकीतल्या तापमानांचा आलेख काढायचा, त्यात दोन वेगळे उंचवटे दिसले तर तिथे दोन प्रकारचं पाणी आहे, आणि त्यांच्या मधली रेषा ही सीमा. एका दिवसाच्या सीमेपेक्षा, निरभ्र दिवसांपैकी किती टक्के दिवस तिथे सीमा होती, हा आकडा जास्त उपयोगी पडतो.

भोवऱ्यांसाठी उंचीचा डेटा घ्या. उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या भोवऱ्यात मध्यभागी पातळी खाली असते आणि खालचं थंड पाणी वर सरकतं.

पायरी 7: मासळीच्या नोंदी जोडा

बहुतेक अभ्यास या पायरीवर कोलमडतात. मासळीच्या नोंदींना उपग्रहाइतका बारकावा नसतो. लाँगलाइनची (ओळीने गळ लावलेली) दोरी काही दहा किलोमीटर लांब असते आणि तासन्‌तास पाण्यात असते. तिच्या टाकण्याच्या जागेला 1 किलोमीटरच्या एका पिक्सेलचं तापमान जोडणं म्हणजे नसलेला बारकावा ओढून आणणं. अशा वेळी 25 किलोमीटरची चौकट आणि काही दिवसांची सरासरी प्रामाणिक ठरते. बंदरावर उतरलेल्या मासळीच्या नोंदी असतील तर मासा कुठे पकडला हेच माहीत नसतं. त्या फक्त महिने आणि वर्षांच्या प्रश्नांना वापरा.

केवळ वजन घेऊ नका. किती तास, किती जाळी, कोणत्या प्रकारची होडी याने भागून प्रयत्नामागची पकड काढा. तरीही एक गोष्ट उरते: नोंदी असतात त्या मच्छीमार जिथे गेले तिथल्या. जिथे कुणी गेलंच नाही तिथे मासा नव्हता असं मानायचं नाही.

बहर आणि मासळी यांच्यामध्ये वेळ जातो. प्लवक खाणाऱ्या तारलीसारख्या माशाला बहर लवकर लागू पडतो, मोठ्या शिकारी माशांपर्यंत तो पोचायला आठवडे-महिने लागतात. म्हणून वेगवेगळे विलंब लावून पाहा. मात्र कोणते विलंब तपासायचे ते माशाच्या जीवनचक्रावरून आधी ठरवा. वीस विलंब तपासून त्यातला एक जुळला, याला पुरावा म्हणत नाहीत.

पायरी 8: प्रारूप आणि पडताळणी

मासा आणि तापमान यांचं नातं सरळ रेषेचं क्वचितच असतं. प्रत्येक जातीला सोसवणारा पट्टा असतो. त्यामुळे सामान्यीकृत समावेशी प्रारूप (मॉडेल), म्हणजे गॅम, ज्यात वळणदार नातंही बसतं, हे बऱ्याच ठिकाणी पुरेसं आणि समजायला सोपं असतं. तपासणीसाठी बाजूला ठेवायचा डेटा कुठूनही यदृच्छ उचलू नका. शेजारचे दिवस आणि शेजारच्या चौकटी एकमेकींसारख्याच असतात, त्यामुळे प्रारूप पाठ केलेलंच उत्तर देतं आणि हुशार वाटतं. पूर्ण वर्षं बाजूला ठेवा आणि त्यांवर तपासा. एल निन्योचं वर्ष बाजूला ठेवून तपासलं तर प्रारूपाची खरी कसोटी लागते.

उपग्रहाचे आकडेही तपासावे लागतात. पाण्याचा नमुना आणि उपग्रहाचा फेरा यांत 3 तासांपेक्षा जास्त अंतर नसावं, नमुन्याभोवतीच्या 5 बाय 5 पिक्सेलपैकी निम्मे तरी वापरण्याजोगे असावेत आणि त्यांच्यात आपसात फार तफावत नसावी, असा रूढ नियम आहे. तो पाळल्यावर शंभर नमुन्यांतले थोडेच उरतात, तेव्हा नमुन्यांची आखणी उपग्रहाच्या वेळापत्रकाप्रमाणे करा.

पायरी 9: होड्याही वरून दिसतात

मासा दिसत नसला तरी मासेमारी दिसते. मोठी जहाजं एआयएस या स्वयंचलित ओळख-यंत्रणेवर आपली जागा सांगतात, स्क्विड पकडणाऱ्या होड्यांचे प्रखर दिवे व्हिअर्सच्या रात्रीच्या चित्रांत चमकतात, आणि रडारला धातूची जहाजं ढगातून, अंधारातूनही सापडतात. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने रडार चित्रं आणि एआयएस ताडून पाहिले. औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सार्वजनिक मागोव्यात नव्हतीच. फक्त एआयएसवरून मासेमारीचा दाब मोजणाऱ्याने हे विसरू नये. लहान होड्यांकडे तर एआयएस बहुधा नसतंच, आणि जगातले बहुसंख्य मच्छीमार त्यांच्यावरच काम करतात.

पायरी 10: माहिती वापरणाऱ्याच्या हातात देताना

भारतातली इन्कॉइस ही संस्था तापमान आणि क्लोरोफिलवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांच्या सूचना स्थानिक भाषांत देते. हवाईमध्ये 2006 पासून ‘टर्टलवॉच’ उलट्या बाजूने काम करतं: लॉगरहेड कासवं ज्या सुमारे 18 अंशाच्या पाण्याच्या पट्ट्यात जास्त अडकतात तो पट्टा दाखवून लाँगलाइन होड्यांना तिथून दूर राहायला सांगतं. तोच डेटा मासा शोधायलाही लागतो आणि जीव वाचवायलाही, आणि दुसऱ्या उपयोगाला आज जितकं लक्ष मिळतं त्यापेक्षा खूप जास्त मिळायला हवं. ज्या माशाचा साठा आधीच खालावलेला आहे त्याच्या जागा दाखवणारा नकाशा देण्याआधी साठ्याचं मूल्यमापन वाचा.

सूचना देत असाल तर तिच्यावर निरीक्षणाची तारीख ठळक लिहा, कारण सीमा सरकतात आणि तीन दिवसांपूर्वीचं चित्र होडीला भलतीकडे नेतं. सूचना कामाची ठरते का हे पाहायला, त्याच दिवशी, त्याच प्रकारची जाळी घेऊन सूचनेच्या जागी गेलेल्या आणि न गेलेल्या होड्यांची तुलना करा. पकडीसोबत जळालेलं डिझेलही नोंदवा. बऱ्याचदा फायदा मासळीपेक्षा वाचलेल्या इंधनात आधी दिसतो. आणि सूचना पाळूनही रिकाम्या परतलेल्या होड्यांची नोंद वगळू नका, पुढच्या हंगामाचं प्रारूप सुधारायला तीच सर्वात जास्त उपयोगी पडते.